संघनायकाचे निवेदन : धर्मकथेच्या आधीच्या चार पायऱ्या
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे चाललेल्या संस्थेच्या दप्तरात शेकडो सभांची इतिवृत्ते असतात. त्यांतील प्रत्येक ठरावामागे कोणीतरी एक कार्यकर्ता सभेपुढे उभा राहिलेला असतो. त्याने एक गरज सांगितलेली असते, एक हिशेब मांडलेला असतो आणि समाजाकडे काहीतरी मागितलेले असते. ते मांडणे नीट झाले म्हणून काही कामे उभी राहिली. काही चांगली कामे मात्र केवळ मांडता आली नाहीत म्हणून इतिवृत्ताच्या पानातच राहून गेली. सुवर्णमहोत्सवी वर्षात इमारतीचा आणि निधीचा विचार होतोच. त्याबरोबर या बोलण्याचाही विचार व्हावा, हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

संस्था उभारणाऱ्या पिढीला हा प्रश्न फारसा पडला नाही. गाव लहान होते, माणूस माणसाला तीन पिढ्यांपासून ओळखत होता. पेढीवर बसून दोन शब्दांत देणगी ठरत असे. आज सिन्नरचे रूप पालटले आहे. माळेगावची औद्योगिक वसाहत आणि मुसळगावची सहकारी वसाहत यांमुळे दूरदूरची कुटुंबे येथे स्थायिक झाली, तर येथील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी बाहेर गेली. सभेत बसलेल्या तरुणाला वक्त्याच्या आजोबांचे नाव ठाऊक नसते. पूर्वी जो विश्वास ओळखीतून आपोआप मिळत असे, तो आता स्पष्ट आणि खऱ्या निवेदनातून मिळवावा लागतो. जो कार्यकर्ता आपल्या सहकाऱ्यांचे काम समाजापुढे ठेवू शकत नाही, त्याच्यामुळे त्या सहकाऱ्यांचे कष्टही अंधारात राहतात.

स्वाध्यायाचे पाच प्रकार

प्रभावी भाषणाची पुस्तके बाजारात विपुल मिळतात. त्यांत आवाज, हावभाव आणि उभे राहण्याची पद्धत यांना मोठे स्थान असते. जैन परंपरेने मात्र बोलण्याला एक निराळे स्थान दिले आहे. उत्तराध्ययन सूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचना म्हणजे मूळ पाठ घेणे, पृच्छना म्हणजे शंका विचारणे, परिवर्तना म्हणजे उजळणी करणे, अनुप्रेक्षा म्हणजे अर्थाचे चिंतन करणे. दुसऱ्याला सांगणे, म्हणजे धर्मकथा, सर्वांत शेवटी येते. पहिल्या चार पायऱ्या चढल्यावाचून पाचव्या पायरीवर उभे राहणाऱ्याचे बोलणे गोड असू शकेल, पण त्याला आधार राहत नाही.

हा क्रम केवळ साधूंसाठी आहे असे मानण्याचे कारण नाही. कारखान्यातील पर्यवेक्षक, बँकेचा शाखाधिकारी, शाळेची मुख्याध्यापिका, युवक मंडळाचा अध्यक्ष यांपैकी ज्याच्यावर चार माणसांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी येते, त्या प्रत्येकाला हाच क्रम उपयोगी पडतो.

वीरचंद गांधींची तयारी

या क्रमाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वीरचंद राघवजी गांधी. महुवा येथे १८६४ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झालेले वीरचंदभाई अगदी तरुण वयात जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस झाले. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून ते जगाला माहीत आहेत. परंतु शिकागोच्या आधीचे त्यांचे काम कार्यकर्त्याने अधिक बारकाईने पाहावे असे आहे.

पालिताणा येथे शत्रुंजयाच्या यात्रेकरूंकडून माणशी कर घेतला जात असे. त्यावरून संस्थान आणि जैन समाज यांच्यात दीर्घकाळ वाद चालला होता. वीरचंदभाईंनी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि पोलिटिकल अधिकारी कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू मांडली. १८८६ मध्ये वर्षाला १५,००० रुपये ठोक रक्कम देण्याचा तोडगा निघाला आणि यात्रेकरूंमागचा माणशी कर थांबला. राग सर्वांच्याच मनात होता. त्या रागाचे रूपांतर दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा एका आकड्यात करणे, हे संघनायकाचे काम होते.

सम्मेदशिखराचे प्रकरण तर याहून बोलके आहे. त्या पवित्र पर्वताच्या परिसरात डुकराची चरबी काढण्याचा कारखाना सुरू झाला होता. या खटल्यासाठी वीरचंदभाई कोलकात्याला गेले. जुनी कागदपत्रे बंगालीत होती. दुभाष्यावर विसंबून न राहता ते सुमारे सहा महिने तेथे राहिले, बंगाली शिकले, दस्तऐवज स्वतः वाचले आणि मग न्यायालयापुढे बाजू मांडण्यास मदत केली. निर्णय जैन समाजाच्या बाजूने लागला. येथे धर्मकथा काही तासांची होती, वाचना मात्र सहा महिन्यांची होती.

शिकागोचे निमंत्रण मुळात आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे पूज्य आत्मारामजी महाराज, यांना होते. साधुमर्यादेमुळे समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांनी वीरचंदभाईंना आपल्याजवळ ठेवून तयार केले, त्यांच्या शंकांची उत्तरे दिली. ही पृच्छना होय. ११ ते २७ सप्टेंबर १८९३ या काळात झालेल्या त्या परिषदेत एकोणतीस वर्षांचा हा तरुण काठेवाडी पगडी घालून उभा राहिला. एका पाद्र्याने हिंदू मंदिरांवर टीका केली, तेव्हा तिला सभ्य आणि ठाम उत्तर देणाऱ्यांत हा जैन प्रतिनिधी होता. केवळ स्वतःच्या पंथापुरते बोलून तो थांबला नाही. मायदेशी परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातील काही मंडळींनी त्यांनाच विरोध केला. तोही त्यांनी सोसला. १९०१ मध्ये, वयाची सदतीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. जो समाजाच्या वतीने बोलतो, त्याला कधी कधी समाजाचेही बोल ऐकावे लागतात, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

वाचना आणि पृच्छना

सभेपुढे जाणाऱ्या कार्यकर्त्याने प्रथम आपला विषय कागदावर आणावा. समजा, एखाद्या संघाला धर्मशाळेच्या छपराची दुरुस्ती करावयाची आहे. अंदाजपत्रक बारा लाखांचे असून पाच लाख शिल्लक आहेत. ‘मोठा खर्च आहे, सर्वांनी उदार हस्ते मदत करावी’ असे सांगणारा वक्ता सभेला काहीच सांगत नाही. ‘सात लाख कमी आहेत, कुटुंबे एकशे चाळीस आहेत, म्हणजे कुटुंबामागे सरासरी पाच हजार येतात आणि दहा महिन्यांत विभागले तर महिन्याला पाचशे’ असे सांगितले की प्रत्येक श्रोता मनातल्या मनात आपला विचार करू लागतो. त्याच वाक्याला जोडून हेही सांगावे की सरासरी म्हणजे सक्ती नव्हे. ज्याला शक्य आहे त्याने अधिक द्यावे, आणि ज्याला शक्य नाही त्याचे नाव कोठेही पुकारले जाणार नाही. अडचणीतील कुटुंबाला सभेत मान खाली घालावी लागू नये, ही काळजी निवेदनाचाच भाग आहे.

पृच्छना सभेच्या आधी व्हावी. काम प्रत्यक्ष करणाऱ्या सहकाऱ्यांना विचारावे, खजिनदाराला विचारावे, आणि ज्याचा विरोध अपेक्षित आहे त्या ज्येष्ठाच्या घरी मुद्दाम जावे. अनेकान्ताचा सिद्धान्त मानणाऱ्या समाजाने एवढे तरी करावेच. विरोध करणाऱ्याच्या दृष्टीतूनही वस्तूची एक बाजू दिसत असते. छपराऐवजी आधी पाण्याची टाकी हवी, असे कोणी म्हणत असेल, तर सिन्नरसारख्या पाण्यासाठी झगडलेल्या तालुक्यात त्या म्हणण्याला वजन आहे. ते ऐकून घेतलेला वक्ता सभेत स्वतःच सांगू शकतो की टाकीचाही विचार झाला आणि छप्पर आधी का घेतले. विरोधकाचा मुद्दा त्याच्या नावासह आदराने मांडला गेला की अर्धा विरोध निवळतो.

परिवर्तना आणि अनुप्रेक्षा

उजळणीची लाज वाटू देऊ नये. प्रतिक्रमणाची सूत्रे लहानपणी शेकडो वेळा म्हटली म्हणूनच ती मुखोद्गत होतात. निवेदनही घरात किमान दोन-तीन वेळा मोठ्याने म्हणून पाहावे. ऐकायला घरातील अशी व्यक्ती बसवावी जिला विषय ठाऊक नाही. तिला जे कळले नाही, ते सभेलाही कळणार नाही. घड्याळ समोर ठेवावे. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे काटेकोरपणे पाळणाऱ्या श्रावकाला व्यासपीठावरील दहा मिनिटांची मर्यादा पाळणे कठीण जाऊ नये. वेळ ओलांडणे म्हणजे पुढच्या वक्त्याची वेळ न विचारता घेणे होय.

अनुप्रेक्षेत एकच प्रश्न स्वतःला विचारावा : सभा संपवून घरी जाणाऱ्या माणसाच्या मनात कोणते एक वाक्य राहावे? ते वाक्य सापडले की बाकीचे मुद्दे त्याभोवती उभे राहतात. ते सापडले नाही तर वीस चित्रपट्ट्या दाखवूनही सभा रिकामीच उठते. संगणकावरील पडद्याचा उपयोग नकाशा, छायाचित्र किंवा एखादा तक्ता दाखवण्यासाठी करावा. वक्त्याने पडद्याकडे तोंड करून तेथील मजकूर वाचून दाखवला, तर श्रोत्यांना त्याची पाठच दिसते.

सभाधीटपणा नसल्याची तक्रार अनेक युवक करतात. त्यावरही परंपरेत उपाय आहे. कायोत्सर्गाचे मोजमाप श्वासोच्छ्वासांनी केले जाते. नाव पुकारले जाण्यापूर्वी शांत उभे राहून काही श्वास सावकाश मोजावेत. छातीतील धडधड पूर्ण थांबत नाही, परंतु पहिले वाक्य स्थिर आवाजात निघते. पहिले वाक्य स्थिर निघाले की दुसरे त्याच्या मागून येते.

भाषासमितीची कसोटी

येथपर्यंत सांगितलेले सर्व कौशल्य चुकीच्या कामासाठीही वापरता येते, हे विसरता कामा नये. गोड बोलून समाजाला चुकीच्या वाटेने नेणारे वक्ते कमी झालेले नाहीत. म्हणूनच पाच समितींमध्ये भाषासमिती आहे आणि तीन गुप्तींमध्ये वचनगुप्ती आहे. बोलावे कसे आणि थांबावे कोठे, या दोन्हींचा विचार झाला आहे.

दशवैकालिक सूत्राचे सातवे अध्ययन संपूर्णपणे वाक्यशुद्धीला वाहिलेले आहे. त्यात भाषेचे चार प्रकार केले आहेत : सत्य, असत्य, सत्य-असत्यमिश्र आणि सत्यही नाही व असत्यही नाही अशी व्यवहारभाषा. असत्याबरोबरच मिश्र भाषाही वर्ज्य मानली आहे. आजच्या निवेदनांना हा नियम लावून पाहावा. जमा रक्कम मोठ्या अक्षरांत दाखवणे आणि देणी बोलण्यातून वगळणे ही मिश्र भाषा आहे. दहा जणांचे काम ‘समितीने केले’ म्हणून सांगताना त्यांपैकी दोघांचीच नावे घेणे हीही मिश्र भाषाच. प्रत्येक शब्द खरा असूनही एकूण समज खोटा होतो.

त्याच अध्ययनात भविष्यातील अनिश्चित गोष्टींविषयी निश्चयात्मक बोलू नये, असे सांगितले आहे. ‘दिवाळीपर्यंत काम पूर्ण होणारच’ असे सांगणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे वाचावे. पाऊस, परवाने, कारागीर आणि निधी यांवर अवलंबून असलेली तारीख वचन म्हणून देऊ नये. अंदाज म्हणून द्यावी आणि तो कशावर अवलंबून आहे तेही सांगावे. खरे असले तरी दुसऱ्याला दुखावणारे वचन टाळावे, अशीही तेथे शिकवण आहे. एखाद्या सहकाऱ्याची चूक सभेत सांगण्यापूर्वी ती त्याच्याशी एकांतात बोलता आली असती का, हे नायकाने पाहावे. यश सांगताना सहकाऱ्यांची नावे आधी घ्यावीत. अपयश सांगताना मात्र नायकाने स्वतःचे नाव आधी घ्यावे.

शब्दामागचे घर

महाराष्ट्रातील जैन समाजाला आणखी एका उदाहरणाचा सार्थ अभिमान आहे. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटील यांचे औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झाले नव्हते. काही काळ ते किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्री प्रतिनिधी होते. लोखंडी नांगराने जमीन बिघडते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता. अशा शेतकऱ्याशी बोलायचे तर त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच बांधावर बोलावे लागे. पुढे १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतील, एकत्र जेवतील आणि श्रम करून शिकतील, ही कल्पना त्या काळातील खेड्यांना पटवणे मुळीच सोपे नव्हते.

ती पटली, कारण शब्दामागे घर उभे होते. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडले. असे घर ज्याच्या पाठीशी आहे, त्या कर्मवीरांना सभेत हात जोडून मागताना आवाज चढवण्याची गरज भासली नाही. १९५९ मध्ये ते गेले. संस्था आजही लाखो मुलांना शिकवीत आहे. धर्मशाळेसाठी देणगी मागणाऱ्याने आपला आकडा पावतीपुस्तकावर आधी लिहावा, ही जुन्या माणसांची रीत याच अनुभवातून आलेली आहे.

प्रश्नोत्तरे आणि चूक कबूल करणे

निवेदन संपले की प्रश्न येतात आणि तेथे खरी परीक्षा होते. भगवतीसूत्रासारखा विशाल आगम प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. गौतमस्वामी विचारतात आणि भगवान महावीर उत्तर देतात. ज्या परंपरेत मुख्य गणधरच सर्वाधिक प्रश्न विचारतात, त्या परंपरेत प्रश्न विचारणाऱ्या श्रावकाला उद्धट ठरवणे शोभत नाही. प्रश्न पूर्ण ऐकावा, सर्वांना ऐकू जाईल असा पुन्हा सांगावा आणि मग थोडक्यात उत्तर द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून, कोणत्या दिवशी देणार तेही सांगावे.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा सर्वांना परिचित आहे. अनशन व्रतात असलेल्या आनंदाने आपल्याला झालेल्या अवधिज्ञानाची मर्यादा सांगितली. गृहस्थाला इतके व्यापक ज्ञान होत नाही, असे गौतमस्वामींना वाटले आणि त्यांनी आनंदाला आलोचना करण्यास सांगितले. सत्य बोलणाऱ्याने आलोचना करावी काय, असे आनंदाने नम्रपणे विचारले. भगवंतांनी सांगितले की आनंदाचे म्हणणे खरे आहे. चौदा पूर्वांचे ज्ञाते, प्रथम गणधर गौतमस्वामी तत्काळ परत गेले आणि एका गृहस्थ श्रावकाची त्यांनी क्षमा मागितली.

नायकत्वाचा याहून मोठा पाठ क्वचितच सापडेल. पुढच्या सभेत उभे राहून ‘मागील सभेत दिलेला आकडा चुकीचा होता, तो खरा असा आहे’ असे सांगणाऱ्या कार्यकर्त्याचे मोल कमी होत नाही. त्या दिवसापासून त्याचा प्रत्येक आकडा लोक विश्वासाने ऐकतात. चूक झाकणाऱ्याला मात्र पुढे खरे बोलतानाही साक्षीदार शोधावे लागतात.

दगडावरचे निवेदन

सिन्नर ही यादवांची आरंभीच्या काळातील राजधानी. गोंदेश्वराचे देवालय त्या वैभवाची साक्ष देते. याच नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या पायथ्याशी जैन मंदिरांचे अवशेष आहेत आणि तेथे यादव राजा सेऊणचंद्राच्या काळातील, शके १०६३ चा संस्कृत शिलालेख आहे. आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकानांचे दान दिल्याची नोंद त्यात आहे. कोणाच्या राज्यात, कोणत्या वर्षी, कोणत्या मंदिराला काय दिले, हे दगडावर लिहून ठेवले म्हणून जवळजवळ नऊशे वर्षांनंतरही ते वाचता येते. देणारे गेले आणि राज्यही गेले, तरी त्या निवेदनातील माहिती टिकून आहे.

येत्या पन्नास वर्षांत या संस्थेची धुरा जे तरुण आणि तरुणी घेतील, त्यांनी सभेपुढे उभे राहण्यापूर्वी एवढेच पाहावे : मूळ कागद वाचले का, विरोधकाला विचारले का, उजळणी केली का, आणि मनात एक वाक्य पक्के झाले का. या चार प्रश्नांना होकार आला तर पाचवी पायरी चढण्यास संकोच करू नये. संस्थेने आपल्या बाजूने एक करावे. प्रत्येक सभेत निदान एक निवेदन नव्या कार्यकर्त्याकडे सोपवावे, तो अडखळला तर ज्येष्ठांनी धीर द्यावा, आणि सभा संपल्यावर त्याला एकांतात दोन सूचना द्याव्यात. शंभराव्या वर्षाचा वक्ता आज कदाचित पाठशाळेच्या मागच्या बाकावर बसलेला असेल. त्याला बोलण्याची पहिली संधी याच सभागृहात मिळावी.

या विवेचनात जिनाज्ञेविरुद्ध एखादा शब्द आला असल्यास, अथवा कोणाचे मन दुखावले असल्यास, त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!